चौकोन करायचा की नाही? कमांड्स अँड कलर्स: नेपोलियनिक्सचा रिव्ह्यू, स्वतः वॉरगेम बनवणाऱ्याच्या नजरेतून

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू "गेम मस्त आहे, घेऊन टाका" टाइपचा नाहीये. मी गेली दोन वर्षं नेपोलियनच्या काळातल्या एका लढाईवर टेबलावर खेळायचा स्वतःचा वॉरगेम बनवतोय, आणि कमांड्स अँड कलर्स: नेपोलियनिक्स ह्या बोर्डगेमचा बॉक्स मी खेळायला कमी आणि त्याच्या आतली चक्रं कशी फिरतात ते बघायला जास्त घेतला होता. आता बरेच डाव खेळून झालेत, निम्मे फ्रेंचांकडून, निम्मे इंग्रजांकडून, आणि मला जे सापडलं ते लिहून काढावंसं वाटतंय कारण माझा स्वतःचा गेम ह्याच्यामुळे जवळजवळ नव्याने लिहिला गेलाय.

माझी लढाई आउअरश्टेटची. १४ ऑक्टोबर १८०६, फ्रेंच मार्शल दावूची एकटी कोर (म्हणजे फौजेचा एक मोठा भाग), सुमारे २७,००० माणसं, आणि समोर प्रशिया ह्या जर्मन राज्याची मुख्य फौज, सुमारे ६०,०००. त्याच दिवशी नेपोलियन येनाला लढत होता आणि त्याला वाटत होतं की मुख्य फौज आपल्याच समोर आहे, बेर्नादोत ह्या दुसऱ्या फ्रेंच मार्शलची कोर दोघांच्या मधे कुठेतरी होती आणि ती दोन्हीकडे पोचली नाही. दावूच्या तीन डिव्हिजन एकामागून एक येत गेल्या, आधी गुदँ, मग फ्रिआँ, मग मोराँ. सकाळी दाट धुकं, आणि हासेनहाउझेन गावाजवळ गुदँच्या पायदळावर प्रशियाच्या ब्ल्यूखरचं घोडदळ परत परत चालून आलं. पायदळाने चौकोन बांधले आणि एकही चौकोन फुटला नाही. ह्या एका तासाच्या प्रेमात पडूनच मी गेम बनवायला घेतला, आणि घोडं पेंड खात होतं तेही नेमकं इथेच, चौकोनापाशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मस्केट, म्हणजे त्या काळची पायदळाची बंदूक, मिनिटाला दोन, फार तर तीन वेळा झाडता यायची, आणि नेम लागण्याची थोडीफार खात्री असायची ती शंभरेक मीटरच्या आत. भरधाव सुटलेला घोडा ते अंतर वीस सेकंदांच्या आत काटतो, म्हणजे पायदळाला एकच बार मिळणार. लांब पातळ रांगेत उभ्या असलेल्या पायदळाच्या बाजूला किंवा मागे घोडदळ घुसलं की खेळ खल्लास. म्हणून पायदळाने चारी बाजूंना तोंड करून पोकळ चौकोन बांधायचा, संगिनी बाहेर, कारण संगिनींच्या कुंपणावर घोडा आपणहून जात नाही, स्वार कितीही शूर असला तरी. पण चौकोन केला की बंदुका चार दिशांना वाटल्या जातात, हालचाल जवळपास थांबते, आणि सगळी माणसं एका जागी दाटीने उभी राहिल्यामुळे समोर तोफा आल्या तर एकेक गोळा किती माणसं घेऊन जाईल ह्याचा भरवसा नाही. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. पायदळ, घोडदळ, तोफखाना ह्या तिघांचं एकमेकांत अडकलेलं कोडं म्हणजेच नेपोलियनच्या काळातली लढाई असं मला वाटतं, आणि जो गेम हे कोडं खेळाडूच्या डोक्यात जिवंत करू शकत नाही त्याच्या बॉक्सवर कितीही सुंदर युनिफॉर्मची चित्रं असली तरी तो माझ्या मते ह्या काळाचा गेम नाही.

आता गेमकडे येतो. २०१० मधे जीएमटी गेम्सने काढला, डिझायनर रिचर्ड बोर्ग, दोन जणांनी खेळायचा, सराव झाला की साधारण तासाभरात एक लढाई होते. बोर्डवर १३ बाय ९ षटकोनी घरं, आणि दोन तुटक रेषांनी त्याचे तीन भाग केलेत, डावा, मधला, उजवा. तुकड्या म्हणजे लाकडी ठोकळे, फ्रेंच निळे, इंग्रज लाल, पोर्तुगीज तपकिरी. मूळ बॉक्समधे ह्याच तीन फौजा आहेत, स्पॅनिश, रशियन, ऑस्ट्रियन आणि प्रशियन वेगळ्या बॉक्समधे घ्याव्या लागतात, त्यामुळे माझ्यासारख्या प्रशियावाल्याला थोडा धीर धरावा लागतो. सिनारिओ, म्हणजे खेळायला मांडून दिलेल्या लढाया, बरेचसे स्पेन-पोर्तुगालच्या युद्धातले, ऑगस्ट १८०८ मधल्या रोलिसा आणि विमेइरोपासून सुरू होऊन १८ जून १८१५ च्या वॉटर्लूपर्यंत. ह्यातला इंग्रज सेनापती वेलिंग्टन म्हणजे तेव्हाचा वेलस्ली, असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी १८०३ मधे लढलेला तोच, त्यामुळे आपल्याकडच्या वाचणाऱ्याला हा माणूस अगदीच परका नाही.

आपल्या पाळीला हातातला एक पत्ता खेळायचा, त्या पत्त्यावर लिहिलेल्या भागातल्या तेवढ्याच तुकड्यांना हुकूम मिळतो, मग त्या चालतात, मग लढतात, मग नवीन पत्ता उचलायचा. इतकंच. पहिल्यांदा नियम वाचले तेव्हा मला खरंच वाटलं की हे फार सोपं आहे, ह्यात काय इतिहास असणार. माझ्या स्वतःच्या गेममधे तेव्हा रांग, कॉलम (अरुंद आणि खोल रचना) आणि चौकोन ह्यांचे वेगवेगळे मार्कर होते, एका फॉर्मेशनमधून दुसऱ्यात जायला लागणारा वेळ होता, धीर सुटतोय का ते बघायचं पानभर टेबल होतं, आणि त्यावर दमणूक, धूर, चिखल असे उणे-अधिक आकडे. एक हल्ला सोडवायला पंधरा मिनिटं जायची आणि पंधरा मिनिटांनी खेळणाऱ्याला आठवायचं नाही की आपण हल्ला कशासाठी केला होता.

माझं मत पहिल्यांदा बदललं ते फाशांमुळे. फाशाला सहा बाजू, दोनवर पायदळ, एकीवर घोडदळ, एकीवर तोफ, एकीवर झेंडा, एकीवर तलवारी. पायदळ-घोडदळाच्या तुकडीत जितके ठोकळे शिल्लक तितके फासे. ज्याच्यावर मारा करताय त्याचं चित्र आलं की एक ठोकळा गेला, झेंडा आला की माघार, आणि तलवारी फक्त हातघाईत लागतात, लांबून गोळीबार करताना त्यांचा उपयोग नाही. ह्यावर दोन बारीक नियम आहेत. इंग्रजांचं लाइन पायदळ (म्हणजे नेहमीचं, रांगेत लढणारं) जागचं न हलता गोळीबार करेल तर एक फासा जास्त, आणि फ्रेंच लाइन पायदळ शत्रूच्या पायदळाशी हातघाई करेल तर एक फासा जास्त. हलून गोळी झाडली तर फासे निम्मे. ह्यातून काय होतं ते बघा.

इंग्रजांची चार ठोकळ्यांची तुकडी टेकडीपाशी गप्प उभी आहे. फ्रेंचांची चार ठोकळ्यांची तुकडी चालत येते आणि दोन घरांवर पोचते, म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात. इंग्रज पाच फासे टाकतो, पायदळाची बाजू तिनात एकदा येते, म्हणजे सरासरी पावणेदोन ठोकळे जाणार. समजा नशीब बरं, एकच गेला, तीन उरले आणि झेंडाही आला नाही. पुढच्या पाळीला फ्रेंच एक घर पुढे येऊन भिडतो, तीन अधिक एक असे चार फासे, हातघाईत पायदळ आणि तलवार दोन्ही चालतात म्हणून निम्मे लागणार, इंग्रजांचे दोन ठोकळे गेले. आता इंग्रज अजून उभा असेल तर तो उरलेल्या दोन फाशांनी लगेच परत वार करतो, फ्रेंचांचा एक गेला. दोन विरुद्ध दोन, आणि पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. पण आधीच्या गोळीबारात एकाच्या जागी दोन ठोकळे गेले असते, किंवा एक झेंडा येऊन फ्रेंच एक घर मागे ढकलला गेला असता, तर तो हल्ला तिथेच ढेपाळला असता.

हे सगळं मी प्रत्यक्ष इतिहासाशी ताडून बघितलं. सहाशे इंग्रज दोन ओळींत उभे असतील तर सहाशेच्या सहाशे बंदुका समोर झाडता येतात. सहाशे फ्रेंच, सहा कंपन्या, दोन कंपन्या शेजारी शेजारी आणि बाकीच्या त्यांच्या मागे अशा कॉलममधे तीन-तीन ओळींत येत असतील तर समोर तोंडाशी सहासष्ट-सदुसष्ट माणसं रुंदी, आणि पहिल्या दोन ओळींच्या मिळून सव्वाशे-दीडशे बंदुका. त्यामुळे फ्रेंचांना गोळीबाराची अदलाबदल करत उभं राहणं परवडतच नाही, त्यांनी वेगाने, ढोल वाजवत, समोरच्याची छाती दडपून अंगावर जायचं असतं. हे सगळं बोर्गने एका जास्तीच्या फाशात बसवलंय. रांग आणि कॉलमचे मार्कर कुठेच नाहीत, तरी फ्रेंच खेळणारा चार डावांनंतर आपोआप मुसंडी मारायला लागतो आणि इंग्रज खेळणारा आपोआप टेकडीमागे गप्प उभा राहायला शिकतो. माझे सगळे मार्कर मी त्या आठवड्यात काढून टाकले.

पण ह्या गेमची खरी ताकद चौकोनाच्या नियमात आहे, आणि मला मुख्य लिहायचंय ते त्याच्यावरच.

नियम असा. शत्रूचं घोडदळ तुमच्या पायदळावर हातघाईला आलं की तुम्ही ठरवायचं, चौकोन करायचा की नाही. केला तर घोडदळाला त्याचे सगळे फासे सोडून एकच फासा टाकता येतो, तुमच्या पायदळालाही लढायला एकच. तुकडी वाचते, जागची मात्र हलत नाही. आणि त्याची किंमत म्हणून समोरचा खेळाडू तुमच्या हातातल्या पत्त्यांतला एक पत्ता न बघता ओढतो आणि तो बाजूला जाऊन पडतो. चौकोन मोडेपर्यंत तो पत्ता तुम्हाला मिळत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. कारण मी दोन वर्षं चौकोनाची किंमत तुकडीवर लादत होतो, तिची चाल कमी, तिचे गुण कमी, तिच्यावर तोफेचा मारा जास्त, आणि ते सगळं कागदावर बरोबर असूनही खेळणाऱ्याला काहीच जाणवत नव्हतं. इथे किंमत सेनापतीच्या हातातून जाते. चौकोनात अडकलेली पलटण म्हणजे तुमच्या मनातल्या बेतातला एक बेत कमी, तुमचं अर्धं लक्ष तिकडे अडकलंय, आणि नेमका कुठला बेत हातचा गेला हेही तुमच्या हातात नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. वॉटर्लूचा सिनारिओ, मी इंग्रज, मावसभाऊ फ्रेंच. मधल्या भागात माझ्या दोन लाल तुकड्या कड्याला धरून उभ्या होत्या आणि माझ्या हातात डाव्या भागाचा एक दणकट पत्ता होता, तो मी तीन पाळ्या जपून ठेवला होता कारण डावीकडे त्याची एक तुकडी एका ठोकळ्यावर आली होती आणि तिला संपवलं की मला विजयाचा झेंडा, म्हणजे जिंकायला लागणारा एक गुण, मिळणार होता. त्याने घोडदळाच्या हल्ल्याचा पत्ता टाकला आणि त्याचे जड घोडदळाचे ठोकळे थेट माझ्या दोन तुकड्यांना येऊन भिडले. "दादा, चौकोन करतोयस का? लवकर सांग." मी पहिल्या तुकडीला हो म्हटलं. त्याने हात पुढे केला, माझ्या हातातल्या पत्त्यांवरून बोट फिरवलं आणि एक ओढला. गेला तो बिनकामाचा, मधल्या भागाचा एका तुकडीचा. दुसऱ्या तुकडीला काय करू? चौकोन नाही केला तर जड घोडदळ सगळ्या फाशांनी फोडणार आणि तुकडी संपली तर रिकाम्या झालेल्या घरात घुसून लगेच दुसऱ्यावर परत हल्ला करणार. केला तर अजून एक पत्ता. केला. ह्या वेळी त्याने नेमका डावीकडचा ओढला. पत्ता पालथाच होता, त्याला माहीतही नव्हतं काय गेलं ते, पण माझा चेहरा बघून कळलं असावं, कारण पुढच्या पाळीला त्याने ती एका ठोकळ्याची तुकडी शांतपणे मागे घेतली. माझे दोन्ही चौकोन शेवटपर्यंत टिकले, एकही फुटला नाही, आणि तरी ती पूर्ण बाजू माझ्या हातातून निसटली.

खऱ्या वॉटर्लूला, १८ जूनच्या दुपारी साधारण चार वाजता फ्रेंच मार्शल नेयने घोडदळ चढवलं आणि सुमारे दोन तास लाटांवर लाटा येत राहिल्या, चौकोन फुटले नाहीत, कारण घोडदळाच्या पाठोपाठ पुरेसं पायदळ आणि पुरेशा तोफा पुढे आल्या नाहीत. पण त्या दोन तासांत वेलिंग्टनचा सगळा मधला भाग जागच्या जागी खिळून होता. आपण पुस्तकांत वाचतो ते "हल्ला फसला". ह्या डावात मला पहिल्यांदा कळलं की फसलेला हल्लासुद्धा समोरच्याकडून काय काय काढून घेतो.

आणि फ्रेंच खेळणाऱ्यासाठीही त्यात उत्तर ठेवलंय. हातघाईच्या हल्ल्याला टप्प्यातल्या तोफखान्याचे फासे जोडता येतात, तिन्ही दळं मिळून हल्ला. आधी घोडदळाने चौकोन करायला लावायचं, मग तोफा आणि पायदळ आणून तो सोलायचा. हे जुळवून आणायला हातात योग्य पत्ते, योग्य क्रमाने आणि योग्य जागी लागतात, आणि ते दहा डावांत एकदा जुळतं. जुळलं की मात्र जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या गेममधे वाटलेलं नाही.

आता ज्या गोष्टी खटकतात त्या. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पत्ते. डावीकडे शत्रू उघडा पडलाय, तुमची ताजी पलटण तिथे उभी आहे, आणि हातात डाव्या भागाचा एकही पत्ता नाही. दोन पाळ्या, तीन पाळ्या, कधी चार. नवीन खेळणारा चिडतो आणि त्याचं चिडणं चुकीचं नाही. मी ह्याची बाजू घेतो ती एवढ्यापुरती की त्या काळात हुकूम म्हणजे घोड्यावरून चिठ्ठी घेऊन जाणारा एक अधिकारी, तो वाटेत मेला, चुकला, किंवा पोचला तेव्हा परिस्थितीच बदललेली असली, हे रोजचं होतं, आणि सेनापतीला दिसतंय पण करता येत नाही ही भावना पत्त्यांमुळे येते. पण चिठ्ठी उशिरा पोचणं आणि चिठ्ठी लिहिताच न येणं ह्यात फरक आहे, आणि गेम तो फरक करत नाही. डिव्हिजनचा सेनापती समोर संधी दिसल्यावर स्वतःच्या अधिकारात काहीतरी करेलच ना. तुकडीसोबत सेनापतीचा ठोकळा ठेवला तर ती एक झेंडा झेलून जागेवर राहू शकते, हे छान आहे, पण सेनापती आपल्या बुद्धीने चाल करू शकत नाही. दावूच्या कोरचा सगळा जीव त्याच्या तीन डिव्हिजन कमांडरांच्या जोरावर होता, त्यामुळे मला हे जास्त बोचतं.

दुसरं, धुकं नाही. सगळे ठोकळे दोघांनाही पूर्ण दिसतात, कुठे किती शिल्लक हेही दिसतं, लपवलेले फक्त पत्ते. नेपोलियनला येनाला समोर मुख्य फौज आहे असं वाटणं, वॉटर्लूला पूर्वेकडून येणारी धूळ नेपोलियनच्याच मार्शल ग्रूशीची की प्रशियनांची हा प्रश्न, ह्या गोष्टी ह्या बोर्डवर घडूच शकत नाहीत. ही काही नवीन अडचण नाही. १८२४ मधे प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावर खेळायचा जो युद्धखेळ फौजेसमोर मांडला त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम मधल्या पंचाला द्यायच्या, आणि पंच त्यांना जेवढं दिसणं शक्य आहे तेवढंच दाखवायचा. म्हणजे ज्या पिढीने नेपोलियनचा मार खाल्ला त्या पिढीला पहिल्या झटक्यात कळलं होतं की धुकं हाच अर्धा खेळ आहे. पंच लागतो म्हणजे तिसरा माणूस लागतो, आणि तासाभरात संपणाऱ्या दोघांच्या गेममधे ते शक्य नाही हे मान्य, पण किमान काही तुकड्या पालथ्या ठेवून सुरुवात करायची सोय असती तर मला फार आवडलं असतं.

तिसरी गोष्ट फाशांचं नशीब. पाच फासे टाकून पाचही कोरडे जाणं होतं, आणि चांगल्या रचलेल्या हल्ल्याचं ऐनवेळी पाणी होतं. माझा अनुभव असा की एका डावात नशीब जिंकतं, पण त्याच माणसाशी बाजू बदलून चार डाव खेळलात तर जो तोफा, घोडदळ आणि पायदळ एकत्र वापरतो तोच वर येतो. ज्यांना बुद्धिबळासारखा हिशोबी खेळ हवाय त्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये. एकट्याने खेळायलाही मी हा सुचवणार नाही, दोन्ही हातांतले पत्ते माहीत असले की चौकोनाच्या नियमातली सगळी धाकधूक जाते.

बाकी सामानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ठोकळे चांगले आहेत पण कोरे येतात, शेकडो स्टिकर हाताने लावावे लागतात, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना. आम्ही चौघं बसून दोन संध्याकाळी लावत होतो. चिमटा वापरा, आणि एका वेळी एकच फौज घ्या. रूलबुक नीट लिहिलंय, उदाहरणं आहेत, फक्त तुकड्यांचे सगळे प्रकार पाठ होईपर्यंत मदतीचं कार्ड सतत हाताशी लागतं. सैन्याच्या इतिहासात अजिबात रस नसलेल्या माणसालाही हा शिकवता येतो, मी दोघांना शिकवलाय, पण पहिल्या डावाला वॉटर्लू काढू नका, रोलिसापासून सुरुवात करा, तिथे तुकड्या कमी आहेत आणि जमीन समजून घ्यायला सोपी आहे.

मी ह्यातून काय उचललं ते सांगतो, कारण गेम बनवणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. इतिहासातली प्रत्येक गोष्ट नियमात आणायची गरज नसते. आधी शोधायचं असतं ते हे की त्या सेनापतीला त्या घडीला कुठल्या दोन वाईट गोष्टींमधून एक निवडायची होती, आणि मग ती निवड खेळणाऱ्याला खरोखर लागेल अशा ठिकाणी आणून ठेवायची. बोर्गला चौकोनाची भूमिती दाखवायची नव्हती, त्याने चौकोनाची अडचण दाखवली.

आउअरश्टेटला अशी अडचण दोन्हीकडे आहे. दावूकडे माणसं कमी आणि घोडदळ तर फारच कमी, म्हणजे चौकोन केल्याशिवाय गत्यंतर नाही, पण चौकोन केले तर फ्रिआँ आणि मोराँ येईपर्यंत गाव कोण धरणार. आणि प्रशियाकडे माणसं भरपूर, पण सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा सरसेनापती ड्यूक ऑफ ब्रन्सविकला डोळ्यांजवळ गोळी लागली, तो पडला, राजा फ्रेडरिक विल्यम स्वतः मैदानात असूनही त्याने धड स्वतः सूत्रं घेतली नाहीत आणि दुसऱ्या कुणाला नीट दिलीही नाहीत, आणि काल्क्रॉइटचं राखीव दळ मागे तसंच उभं राहिलं. माझ्या जुन्या नियमांत ब्रन्सविक पडला की सगळ्या प्रशियन तुकड्यांना धीराच्या टेबलावर उणे दोन असायचं. आता तो पडला की प्रशियन खेळाडूने आपले निम्मे पत्ते पालथे टाकायचे, आणि पुढच्या प्रत्येक पाळीला त्याने ठरवायचं की आज एक पत्ता परत उचलायचा का राखीव दळाला हुकूम द्यायचा. दोन्ही एका पाळीत नाही.

परवा पहिल्यांदा हा नियम खेळून बघितला. मावसभाऊ प्रशियन होता, राखीव दळ पूर्ण ताजं, साठेक टक्के फौज अजून हातात, आणि ब्रन्सविक पडल्यावर तो सलग तीन पाळ्या पत्ते उचलत बसला कारण हातात काही असल्याशिवाय हुकूम तरी कसला देणार असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात मोराँची डिव्हिजन माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. डाव संपल्यावर तो बराच वेळ त्या राखीव ठोकळ्यांकडे बघत होता, एकदाही न हललेल्या, आणि मग म्हणाला, दादा, परत मांड, मी ह्या वेळी वेगळं करतो.